मलिद्याची विळी

मित्रांनो, घाबरू नका. माझं पातं वाकडं असलं आणि टोकाला दात असले, तरी मी शस्त्र नाही. मी खोबरं खवायची जुनी विळी आहे आणि माझा मुक्काम अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेजवळच्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, स्वयंपाकघरात आहे.

माझा जन्म रेवदंड्याच्या लोहाराकडे झाला. फणसाच्या लाकडाचा पाट मिळाला आणि मी एका बेने इस्रायली घरी गेले. आमच्याकडे या मराठी ज्यूंना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या पवित्र दिवशी, त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. त्या दिवशी मलाही सुट्टी मिळे. पुढे त्या घरची लेक हन्ना लग्न होऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा तिच्या ट्रंकेत मीही होते. विमानतळावर कस्टमच्या साहेबाने मला उलटीसुलटी करून पाहिलं आणि हे कसलं हत्यार, असं विचारलं. हन्नाने पदर खोचला आणि तिथेच फरशीवर बसून, नसलेला नारळ खवून दाखवला. साहेबाला हसू आवरेना. आम्ही सुटलो.

हन्नाच्या हन्नामावशी झाल्या आणि मी सिनेगॉगची झाले. सण असो, बारसं असो, मावशी स्वयंपाकघराच्या फरशीवर मला मांडून मलिद्याचं खोबरं खवत. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं. नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन तो वाटतात. मी त्या हातांकडे बघतच राहायचे. वाटी अशी फिरायची की खोबरं पांढरंशुभ्र पडावं आणि करवंटीचा काळा कणही येऊ नये. वर्षं गेली, बोटं सांध्यांत सुजली, पण मावशींनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

२००७च्या हिवाळ्यात सिनेगॉगने जुन्या स्वयंसेवकांचा सत्कार ठरवला. एक हन्नामावशी आणि दुसरे मरे, निवृत्त पोस्टमन. खुर्च्या मांडणं आणि स्वयंपाकघरात येणारं प्रत्येक पाकीट ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या नियमात बसतं का ते बघणं, ही त्यांची कामं. अध्यक्षीण लिंडाने प्रेमानेच हुकूम सोडला, की सत्कारमूर्तींनी त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

मावशींचा जीव मात्र मलिद्यात अडकला होता. मावशींचे यजमान शमुवेलकाका हृदयाच्या बायपासमधून सुखरूप घरी आले, तर सगळ्यांना मलिदा वाटीन, असा त्यांचा नवस होता. काका आले होते. नवस फेडल्याशिवाय हार गळ्यात पडणं त्यांना पटत नव्हतं. शेवटी भाची अबिगेलने मलिद्याची जबाबदारी घेतली आणि मावशी कशाबशा हॉलमध्ये जाऊन बसल्या.

संध्याकाळी मरे सवयीने आत डोकावले. अबिगेलने आणलेलं खवलेल्या खोबऱ्याचं पाकीट त्यांनी चष्म्याजवळ धरलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यात दुधाची पावडर होती. जेवण चिकनचं, आणि मांसाच्या जेवणाबरोबर दूध आमच्याकडे चालत नाही. मावशींना कळलं तशा त्या रेशमी साडीतच आत आल्या.

"मावशी, मी लेबल चेकच केलं नाही गं," अबिगेल रडवेली झाली. "खोबऱ्यात दूध कशाला असेल, असं वाटलं. आता मलिदा कॅन्सल करायचा का?"

"कॅन्सल? माझ्या पिशवीत नारळ आहेत. मला सवयच आहे ती. विळी काढ आधी."

मावशी माझ्यावर बसल्या. पहिली वाटी कशीबशी झाली. दुसरीला बोटं वळेनात आणि वाटी हातातून निसटली. बाहेर हॉल माणसांनी भरला होता. मावशींनी वाटी उचलून पुन्हा पात्याला लावली, ती पुन्हा निसटली. माझा पाट त्यांच्या भाराने कधी दुखला नव्हता, तो तेव्हा दुखला.

मरेंनी कोट काढला. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला उचलून टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी माझा पाट दाबून धरला. "हॅना, तू फक्त सांग," ते म्हणाले. "कसं फिरवायचं ते या मुलीला सांग."

अबिगेल खवू लागली. मावशी तिच्या मनगटाला हात लावून वळण दाखवत होत्या. मानपत्रं घेऊन सत्कारमूर्तींना शोधत लिंडा आली, दारातच थबकली आणि मग मानपत्रं फ्रिजवर ठेवून तिनेही बाह्या सरसावल्या. तिच्यामागून बाकीचे आले. एक पाट धरी, दुसरा खवी. दमला की पुढचा. कुणी करवंटीचा काळा कण पाडला की मावशी रागावत, आणि हॉलमध्ये भाषणं करणारी मोठी माणसं मुकाट्याने तो वेचून काढत. इतकी वर्षं मी एकाच माणसाच्या हाताखाली राबले. त्या दिवशी माझ्याभोवती एवढे हात पाहून माझं लोखंडही विरघळतंय असं मला वाटलं.

शमुवेलकाकांनी प्रार्थना म्हटली. मलिदा वाटला गेला. त्यानंतरच मावशींनी हार घेतला, तोही ओल्या हातांनी.

आता मावशी नुसत्या खुर्चीवर बसून सांगतात आणि मी टेबलावर असते. मित्रांनो, माझ्यासारख्या विळीला धुऊन लगेच पुसा, खोबरेल तेलाचा हात फिरवा, म्हणजे गंज चढत नाही. आणि तुमच्यासाठी जन्मभर राबलेल्या माणसाला हार जरूर घाला, पण त्यासाठी त्याला कामावरून उठवू नका. त्याच्या शेजारी उभे राहा आणि पाट धरा.