गौरीचं घाटलं

लालबागच्या चाळीतल्या दीड खोलीत सुभद्रा लग्न होऊन आली त्याला तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत गौरीच्या नैवेद्याला तिचा हात म्हणून लागला नव्हता. नारळ सोलायचे तिने, टोप घासायचे तिने, आल्यागेल्याची ताटं उचलायची तिने. घावन-घाटल्याची वेळ झाली की मात्र सासूबाई, राधाबाई, ओलेत्याने ओट्याशी उभ्या राहायच्या आणि सुनांना म्हणायच्या, "तुम्ही सरा बाजूक." मालवणहून आलेला घरचा नियमच होता तो. जिची पाळी कायमची गेली, तिनेच गौरीचं रांधायचं. बाकीच्यांना कधी कावळा शिवेल याचा भरवसा काय?

पन्नाशीला आल्यावर सुभद्राच्या अंगाची भट्टी झाली. मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढताना एकाएकी छातीपासून डोक्यापर्यंत आग उसळायची, घामाने ब्लाउज चिकटायचा, दोन मिनिटांनी हुडहुडी भरायची. सांधे धरले. उगाच रडू यायचं, उगाच चीड यायची. नवऱ्याला, राजेशला, सांगितलं तर तो म्हणाला, "मग काय, चाळीत एसी बसवू?" सासूबाई म्हणाल्या, "माका नाय बाय असला काय झाला." घरची माणसं असून एकालाही तिला धड विचारावंसं वाटलं नाही, याचा तिला त्या आगीपेक्षा जास्त ताप झाला.

शेवटी ती एकटीच परळला हॉस्पिटलात गेली. तिथे डॉक्टर प्रिती नावाची, तिची मुलगी शोभेल अशा वयाची पोरगी होती. तिने सुभद्राला बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला आणि विचारलं, "झोप लागते का, मावशी?" एवढ्या एका प्रश्नावर सुभद्राला हुंदका फुटला. डॉक्टरने सगळं नीट समजावलं. पाळी जाताना अंगातले हार्मोन्स कमी होतात, त्याने हे सगळं होतं. तुम्ही वेड्या नाही, नाटकीही नाही, आणि याला औषध आहे. तपासण्या करून गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. बाहेरच्या बाकावरच्या बायका आपापल्या पदराने वारा घेत हसत होत्या. तीन महिन्यांत सुभद्रा माणसात आली. निघताना डॉक्टरने कागदावर लाल पेनने लिहून दिलं होतं: पाळी वर्षभर बंद राहिल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात यायचं. घाबरून नाही, पण यायचंच.

यंदाच्या श्रावणात ते वर्ष पुरं झालं. राधाबाईंनी बोटांवर महिने मोजले आणि घाटलं ढवळायचा पितळी डाव सुभद्राच्या हातात दिला. "आता तू सुटलंस गो. औंदा गौरीचां तूच रांध."

सुभद्रापेक्षा आठ वर्षांनी धाकटी जाऊ कमल तिथेच होती. तिची पिशवी चाळिशीतच काढलेली, त्यामुळे ती केव्हापासून या डावावर डोळा ठेवून होती. अँटॉप हिलहून मुद्दाम आली होती बिचारी. तिने नाक मुरडलं, आणि सुभद्राला खोटं कशाला बोला, बरं वाटलं.

हरतालिकेच्या दिवशी सकाळी, गॅलरीच्या टोकाच्या संडासात, सुभद्राला रक्त दिसलं.

लाल पेनचा कागद कपाटात होता. तिला तो पाठ होता. पण हॉस्पिटलात जायचं तर घरात सांगायला हवं, आणि सांगितलं की डाव कमलच्या हातात. तीस वर्षं बाजूला सरलेल्या बाईला एकदा, एकच वर्ष, ओट्याशी उभं राहायचं होतं. तिने तोंडाला कुलूप लावलं. न्हाऊन ओलेत्याने तिने गौरीला घावन-घाटलं केलं. घाटल्याला गुठळी नाही, घावनाला जाळीच जाळी. राधाबाई चाखून म्हणाल्या, "माझ्यापेक्षा बरां झाला." तो दिवस सुभद्राच्या आयुष्यातल्या मोजक्या चांगल्या दिवसांतला होता.

मग म्हटलं, विसर्जन होऊ दे. मग घट बसले. मग दिवाळी आली, फराळ कोण करणार? थेंब यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे. देवांची रांग काही संपेना. अडीच महिने असेच गेले.

सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून डॉक्टर प्रितीचा चेहरा उतरला. "आतलं अस्तर जाड झालंय, मावशी. तुकडा काढून तपासायला लागेल. कशाचं असेल ते आत्ता नाही सांगता येत. पण तेव्हाच का नाही आलात? मी लिहून दिलं होतं ना?"

"गौरी होत्या," सुभद्रा म्हणाली. डॉक्टर रागावली असती तर परवडलं असतं. तिने नुसता तिचा हात धरला.

घरी येऊन सुभद्राने सगळं सांगितलं, तारखांसकट. कॅन्सरची शंका आहे हेही सांगितलं. राधाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजे गौरीचो नैवेद तू तसल्यात केलंस?"

सुभद्राला वाटलं, निदान राजेश तरी काही बोलेल. राजेश म्हणाला, "आई, गाऱ्हाणं घालूया."

सोमवारी त्याने ऑफिसात सुट्टी टाकली. कमल आणि तिचा नवरा आले. देव्हाऱ्यातले देव चिंचेने लखलखीत झाले. राजेशने नारळ हातात धरला आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! ह्या घरातल्या बायलमाणसाच्या हातून तुझ्या पानाक इटाळ लागलो, ती चूक पदरात घी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"घरादाराचा रक्षण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

राजेशने नारळ कपाळाला लावला तेव्हा सुभद्रा म्हणाली, "उद्या नऊला माझा तुकडा काढणार आहेत. सोबत घरचं एक माणूस लागतं. कोण येतंय?"

कमलने देव्हाऱ्याकडे बघितलं. दीर खिशातला फोन चाचपू लागला. राजेश म्हणाला, "आजची सुट्टी घेतली ना गं. उद्याची कशी मागू?" व्हय कोणीच म्हणालं नाही.

राजेशने उंबऱ्यावर नारळ फोडला. सवयीने सुभद्रा खोबरं काढायला सुरी घेऊन पुढे झाली.

"तू सर बाजूक," राधाबाई म्हणाल्या. "खोबरां कमल वाटात."