खाजतंय ना, मग भिऊ नका

"खाजतंय ना? मग भिऊ नका." हे वाक्य मी आमच्या पाड्यात किती वेळा बोलले असेन, त्याला मोजदाद नाय.

मी देवकी, इथली आशाताई. मुरबाडवरनं जीप पकडली की तासाभरानं आमचा पाडा येतो, डोंगराच्या पायथ्याला. दरवर्षी घरोघरी अंगावरच्या चट्ट्यांची तपासणी निघते. बायकांना मी बघते, पुरुषांना अनिल बघतो. तो शेजारच्या गावचा, दोन पोरांचा बाप, कामाला चोख. घरातलं एकूण एक माणूस तपासून झालं की दारावर खडूनं इंग्रजी एल काढायचा. एक जरी राहिला तरी एल नाय, फुली मारायची आणि परत यायचं. माझ्या पाड्यात एकाही दारावर फुली राहत नाय, असं मी मीटिंगमध्ये छाती काढून सांगायची. जळो ती फुशारकी.

चट्टे आमच्याकडं पैशाला पासरी. आवणीच्या दिवसांत भाताची रोपं लावायला दिवसदिवस चिखलात वाकून उभं राहायचं, ओले कपडे अंगावरच सुकवायचे, घरी आल्यावर सगळ्यांनी एकाच पंच्याला अंग पुसायचं. नायटा नाय झाला तर नवल! कंबरेला, जांघेत लाल गोल कडा, आत खपल्या, आणि खाज अशी की माणूस चारचौघांत लाज सोडतो. मग कोणीतरी बाजारातनं ट्यूब आणतो. चार दिवसांत खाज गायब. पंधरा दिवसांनी तोच नायटा दुप्पट होऊन परत, वर कातडी पातळ. शेजारच्या अंबूबाईनं ती ट्यूब वर्षभर चोळली, सुनेला दिली, सुनेनं तान्ह्या बाळाच्या मानेला लावली. मी ती तिच्या हातातनं ओढली आणि सरळ चुलीत घातली. "मेले, माझी ट्यूब!" करत अंबूबाई अंगावर धावून आली. मी काय गप्प बसणारी आहे?

"प्रत्येकाचा पंचा वेगळा," मी ठणकावलं. "कपडे उन्हात वाळवा, चुलीवरच्या दोरीला नाय. घरातल्या सगळ्यांनी एकदम दवाखान्यात जायचं, आणि खाज गेली तरी डॉक्टर सांगेपर्यंत औषध सोडायचं नाय."

दोन-तीन महिने लागले, पण त्यांच्या घरातला नायटा गेला. अंबूबाई अजून कबूल करत नाय, ते सोडा.

दुसरा चट्टा असतो तो फिकट, कधी तांबूस. तो खाजत नाय, दुखत नाय. त्याच्यावर कापूस फिरवला तरी माणसाला कळत नाय. तो कुष्ठरोगाचा. म्हणून मी चट्टा बघितला की पहिलं तेच विचारायची, खाजतंय ना? मग भिऊ नका. लोकांच्या जिवात जीव यायचा.

हे सगळं माझ्या लेकीचा, भूमिकाचा बापूस, म्हणजे माझा नवरा कुंडलिक, ओटीवर बसून ऐकत असायचा.

त्याला आधी खरोखरीचा नायटा झाला होता, कंबरेला. औषध आणलं, पंचा वेगळा केला, गेला. त्यानंतर एका सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि तो अंघोळ करून आत आला. उजव्या कोपराच्या वर फिकट डाग दिसला, तळहाताएवढा.

"ह्ये काय वो नवीन?"

"नायटाच गो. काय नाय." आणि माझ्यासमोर खराखरा खाजवलं.

मी पीठ लागल्या हातानंच कोनाड्यातलं जुनं मलम काढून दिलं. वर चार शब्द सुनावले, ओली बंडी अंगात ठेवता, मग होणारच. डागाला लाल कडा नव्हती, खपली नव्हती. दुसऱ्याच्या घरात असता तर मी उजेडात नेऊन बघितला असता.

दोन वर्षं तो माझ्यासमोर खाजवत होता. जेवताना, जीपमध्ये, पाहुण्यांत. मी म्हणायची, "किती खाजवाल, कातडं सोलून निघंल." तव्यावरची भाकरी तो बोटांनी उचलायचा. भूमिका हसायची, "पप्पांचा हात म्हंजी नुसता लोखंड!" मी पण हसायची. दात काढून हसायची मी, आशाताई.

गेल्या तपासणीला अनिल आमच्या ओटीवर आला. बोलला, "वयनी, कुंडलिकदादाला बघून घेतो. दोन मिन्टं."

"ऱ्हाऊ दे रे," मी बोलले. "घरचा माणूस. मी रोज बघते त्यांना. नायटा हाय, बाकी काय नाय. ऊन चढायच्या आत वरची आळी उरकू."

आणि मी स्वतःच्या हातानं माझ्या दारावर एल काढला. चांगला मोठा, ठसठशीत.

यंदा आवणीला त्याच्या मुठीतनं रोपं गळायला लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलं होतं, सरळ होत नव्हतं. "वात असंल," तो बोलला. मी त्याला तेल गरम करून दिलं. कापणी आली. दुपारी मी शेतावर भाकर घेऊन गेले तर हा बांधाकडं पाठ करून बसलेला. जवळ गेले. त्यानं विळा हाताला बांधला होता. मी वेगळा करून दिला होता ना, त्याच पंच्याची चिंधी फाडून मुठीला करकचून गुंडाळली होती. चिंधी सोडली तर तळव्याला फोड फुटून मास दिसत होतं.

"दुखत नाय?" मी विचारलं.

त्यानं मूठ मांडीखाली सरकवली. मी तिथंच बांधावर बसले.

"डोळे मिटा," मी बोलले. भाताची एक काडी घेतली. "जिथं टोचंल तिथं बोट लावून दाखवा."

डाव्या हाताला टोचलं, बरोबर दाखवलं. उजव्या खांद्याला टोचलं, बरोबर. डागावर टोचलं, तिथंही बोट बरोबर आलं. एक क्षण मला वाटलं, देव पावला. मग बघते तर पापण्या थरथरत होत्या. बारीक फट ठेवून बघत होता. मी पदरानं त्याचे डोळे बांधले. डागावर काडी टेकवली. परत टोचली, जरा जोरात. तिसऱ्यांदा इतकी जोरात की काडी मोडली.

तो तसाच बसला होता, बोट पुढं धरून.

"टोच ना गो," तो बोलला. "कवा टोचणार?"

मी हंबरडाच फोडला. पदर ओढून काढला आणि त्याला धरून गदागदा हलवलं. "खाजत व्हतं ना तुमाला? दोन वरसं खाजवत व्हता ना माझ्यासमोर?"

"नाय खाजलं कवा."

"मग का? का असं केलंत?"

"तूच बोलायचीस ना घरोघरी, खाजलं तर भिऊ नका." तो मान खाली घालून बोलत होता. "म्हून खाजवलं. आशाच्या घरातच निगाला बोलले असते लोक. तुला दारात कोनी उभी केली असती? खाजवता खाजवता मलाच वाटाय लागलं, खाजतंय."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी हात चाचपला, कोपराजवळची शीर दाबून बघितली. बोलल्या, औषध फुकट आहे, वर्षभर चालेल, जंतू मरतील, घरात कोणाला धोका उरणार नाय. मी हे सगळं लोकांना पाठ म्हणून दाखवते.

"आणि बोटं?" मी विचारलं.

"व्यायाम द्या, बोटं आणखी आखडायची नाहीत. गेलेली ताकद आणि स्पर्श परत येईल असं मी नाही सांगू शकत, देवकीताई. पहिल्या सहा महिन्यांत आणलं असतं तर..." त्या थांबल्या. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मला पाडाभर फिरावं लागलं. असा रोगी सापडला की आजूबाजूच्या घरांत सगळ्यांना परत तपासायचं असतं. मी दवाखान्यात सांगून टाकलं, नाव लपवणार नाय. पहिलं दार अंबूबाईचं. उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि सांगितलं, माझ्या घरात निघालाय, माझ्या नवऱ्याला. तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती.

अंबूबाई आत गेली. मला वाटलं, झालं, आता कडी लावणार. ती पाट घेऊन आली, उजेडाकडं पाठ करून बसली आणि पदर खाली घेतला.

"बघ गो नीट," ती बोलली. "आनि कुंडलिकला सांग, संध्याकाळी येते म्हून."

दुसऱ्या घरी चहा ठेवला. तिसऱ्या घरी म्हातारा महादू बोलला, औषधाला जायला जीप मिळाली नाय तर माझा नातू गाडीवर सोडील. एकानंसुद्धा दार लावलं नाय. लोकांनी हाकललं असतं तर निदान त्याचं दोन वर्षांचं खाजवणं कारणी लागलं असतं.

घरी आले. आमच्या दारावरचा एल तसाच होता, ओटीच्या छपराखाली पाऊस पोचत नाय. ओल्या फडक्यानं पुसला. तो ओटीवर बसला होता, आणि डाव्या हाताची नखं उजव्या कोपरावर चालू होती. खराखरा.

मी किंचाळले, "आता कुनाला दाखवताय?"

तो दचकला. नखं बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "सवय झालीय गो," तो बोलला.

डागावरनं रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत आला होता. त्याला कळलंच नव्हतं. मी पाणी आणलं आणि हात मांडीवर घेऊन धुवायला बसले.