डाव्या कोपऱ्यातली हाक

"चावी घे. तूच चालव," रीस म्हणाला.

ब्रॉनवेन त्याच्याकडे बघतच राहिली. लग्न झाल्यापासून रीस टिंडलने बायकोला कधी सुखाने गाडी चालवू दिली नव्हती. वळण मोठं घेतेस, ब्रेक उशिरा दाबतेस, सिग्नलला झोपतेस. आणि आता काही आठवडे झाले, रोज चावी तिच्या हातात.

"लायसन्स जप्त झालंय का रे तुझं?"

"पाय दुखतोय."

"काल खांदा दुखत होता."

"आज पाय."

पाय दुखत नव्हता. गाडी त्याने चालवली की ब्रॉनवेन त्याच्या डावीकडे बसायची, आणि डावीकडचं बोलणं त्याच्यापर्यंत असं पोचायचं:

"…… आई …… रविवारी …… चालेल ना?"

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? आई येणार? आपण जायचं? की आईला कुठे न्यायचंय? एकदा तो अंदाजाने 'चालेल' म्हणाला होता, तर सासूचा म्हातारा कुत्रा त्यांच्या परसात मुक्कामाला आला आणि सगळी टोमॅटोची रोपं उकरून गेला.

त्यापेक्षा तिने चालवलेलं बरं. मग ती उजवीकडे असते, आणि उजवा कान धड आहे.

•

डावा गेला होबार्टच्या पावसात, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यात. चेंडू साबणासारखा निसटत होता, माणसांचा ढीग झाला, त्यात कुणाचा तरी गुडघा कानावर आला. डॉक्टरने डोकं तपासलं. शब्द परत म्हणून दाखव, महिने उलटे म्हण, एका पायावर उभा राहा. सगळं जमलं. कानाचं कुणी विचारलं नाही, म्हणून त्यानेही सांगितलं नाही. आत एक शिट्टी वाजत होती, ती दोन दिवसांनी थांबली तेव्हा त्याला हायसं वाटलं. शिट्टीबरोबर बाकीचंही थांबलंय हे कळायला आणखी थोडा वेळ गेला.

मेलबर्नच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रँकस्टनला, एका मॉलमध्ये तो कान दाखवायला गेला. आडनाव सांगितलं ब्रॉनवेनच्या माहेरचं.

"तुम्ही त्या टिंडलसारखे दिसता हो," तपासणारी बाई उजवीकडून म्हणाली.

"म्हणतात सगळे."

"फार संथ झालाय तो. ह्या वर्षी संघातून काढणारच त्याला, बघा."

"असेल. म्हातारा झालाय," रीस म्हणाला.

नंतर तिने सांगितलं की आतली नस दुखावली आहे. परत येईल, कदाचित येणारही नाही. मार लागेल असं सध्या काही करू नका. तुम्ही काम काय करता?

"दारं बसवतो."

तसं ते अगदी खोटं नव्हतं. गोलच्या खांबांपुढे उभं राहून समोरच्यांना आत येऊ द्यायचं नाही, हेच तो एकोणिसाव्या वर्षापासून करत आला होता. आता तिशी उलटली होती, पुढच्या वर्षीचा करार अजून व्हायचा होता, आणि शनिवारी बाद फेरीचा सामना होता. हरलं की हंगाम संपला. तिथे खेळला नाही तर कसला करार नि कसलं काय.

•

लोकांना वाटतं, बचाव फळीतला माणूस डोळ्यांनी खेळतो.

उंच चेंडू डोक्यावरून मागे चाललाय. रीस पाठ फिरवतो आणि वर बघत धावत सुटतो. मान वर, आभाळ दिसतं, चेंडू दिसतो, बाकी काही दिसत नाही. समोरून पाच-सहा धिप्पाड माणसं त्याच चेंडूवर झेपावत येत असतात. छाती उघडी, बरगड्या उघड्या. तिथे डोळे काय कामाचे? तिथे मागचा गडी ओरडतो त्यावर जगायचं.

पण ओरडतात समोरचेही. 'सोड, माझा आहे' असं तुझ्याच भाषेत, तुझ्याच नावाने ओरडतात. म्हणून ह्यांच्या फळीचा स्वतःचा एक शब्द असायचा, दर आठवड्याला नवा. तो ठरवायचा बशार खूरी, सगळ्यांचा बॅश, डावा कोपरा सांभाळणारा. शब्द यायचा कोबर्गमधल्या त्याच्या लेबनीज आईच्या स्वयंपाकघरातून. कधी झातर, कधी किब्बे. त्याचा अर्थ एकच: चेंडू माझा, तू बाजूला हो.

आणि शब्द आला नाही तर? तर तू बिनधास्त जा.

शांतता म्हणजे जा.

रीसच्या डावीकडे आता कायम शांतता होती.

•

पहिल्यांदा ते सरावात झालं. त्या आठवड्याचा शब्द होता 'लबने'. चेंडू वर, रीस खाली, डावीकडे सामसूम. तो गेला. त्याचा गुडघा बशारच्या जबड्याला घासून गेला आणि दोघं गवतात लोळले.

"झोपलास का रे, टिंडी? लबने लबने म्हणून घसा फोडला मी. कोबर्गला आईने दार उघडलं असेल."

"वारा होता."

बशारने हनुवटी चोळली. मान वळवून क्लबच्या झेंड्याकडे पाहिलं. झेंडा धुणं वाळत घातल्यासारखा काठीला लोंबत होता.

"हो," तो म्हणाला. "फार वारा होता."

पुढच्या सामन्यात मात्र हाक स्वच्छ ऐकू आली. त्याच्या पुढच्यातही. प्रत्येक वेळी शब्द खणखणीत, उजवीकडून. रीसने विचार केला नाही की डाव्या कोपऱ्यातला माणूस उजवीकडून कसा ओरडतोय. बरं चाललेलं असलं की माणूस खोलात जात नाही.

आणि गेल्या शनिवारी समोरच्या संघातल्या एका बुटक्याने त्याच रिकाम्या डाव्या कोपऱ्यातून गोलांची रांग लावली. कसाबसा सामना वाचला.

•

गुरुवारी संघ जाहीर होणार होता. मालिशवाल्याने रीसला अडकवून ठेवलं, त्यामुळे तो बैठकीला पोचेपर्यंत नेहमीची खुर्ची गेली होती. मिळाली ती टोकाची. प्रशिक्षक डगी ह्यूम बरोबर डाव्या कानाशी उभा. मान वळवायची त्याला सवय झाली होती, पण समोर भिंतीवर गेल्या सामन्याची फिल्म चालू होती आणि सगळ्यांच्या माना तिकडे. एकट्याने कशी वळवायची?

"…… एकच बदल …… बचाव फळी …… मलाही सोपं नव्हतं …… इतकी वर्षं …… शनिवारी बाहेर बसेल."

काही नजरा त्याच्या दिशेला आल्या, पटकन खाली गेल्या.

रीसने मोकळ्या जागा भरल्या.

*टिंडीचा कान गेलाय, आम्हाला कळलंय,* इतकी वर्षं *तो खेळला, पण* शनिवारी बाहेर बसेल.

किंवा: *टिंडी आता धावत नाही,* इतकी वर्षं *झाली,* शनिवारी बाहेर बसेल.

किंवा: *फ्रँकस्टनहून एका बाईचा फोन आला होता.*

बशार त्याच्या उजवीकडे बसला होता. तो उठला, खुर्ची पायाने मागे लोटली आणि दाराबाहेर गेला. बिचारा माझ्यासाठी चिडला, रीसला वाटलं.

तेवढ्यात मागून उजव्या खांद्यावर हात पडला. क्विलन होता, राखीव गडी, पांढराफटक पडलेला.

"बॅशचं वाईट झालं रे. पण डगी म्हणतो तेही खरं, तो डावा कोपरा सोडून भलतीकडेच फिरत असतो. आता तिथे मी. टिंडी, मला सांभाळून घेशील ना? मी खूप जोरात ओरडतो, काळजी करू नकोस."

•

बशार गाडीतळावर आपल्या मालवाहू गाडीच्या मागच्या फळीवर बसून बुटांची माती खरवडत होता. रीस त्याच्या डावीकडे जाऊन बसला.

"जागेवर बरोबर बसतोस," बशार म्हणाला. "कुत्र्यासारखी सवय लागलीय तुला."

"तुला माहीत होतं."

"झेंडा लोंबत होता रे. मी आंधळा नाही. बहिरा तर नाहीच."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास? कान तुझा." त्याने मातीचं ढेकूळ उडवलं. "वाटलं, चार-दोन सामने आहेत. मी उजवीकडून ओरडेन, कुणाच्या लक्षात येणार नाही. तो बुटका एवढा पळेल हे कुणाला ठाऊक होतं?"

"डगीने विचारलं तुला?"

"विचारलं. डावा कोपरा का सोडतोस म्हणाला. मी म्हटलं, सवय. आता म्हणतो, सवय मोड, बाहेर बस." बशार हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. "आईने बस ठरवलीय शनिवारसाठी. मावश्या, चुलते, त्यांची पोरं. डबे भरून येणार सगळे. तिला काय सांगू?"

रीसला सुचलं ते विचारायला नको होतं, पण विचारलं.

"ह्या आठवड्याचा शब्द काय?"

बशारने बूट एकमेकांवर आपटले.

"मी संघात नाही, टिंडी. शब्द क्विलनला विचार. तो तुझ्या डावीकडे असेल. फार जोरात ओरडतो म्हणे."

त्याने फळी वर केली, गाडीत बसला. गाडी सुरू केली नाही. नुसता बसून राहिला.

•

डगीच्या खोलीपर्यंतचा बोळ रीसला तोंडपाठ होता. आज तो लांबला. जाऊ नये ह्यासाठी त्याला कारणं मिळत होती, आणि सगळी चांगली होती. शनिवारी चेंडू उंच येणारच नाही. क्विलनला उजवीकडे उभं करता येईल. बॅश रागावलाय, पण बॅश कुणाला सांगणार नाही. सांगायचं असतं तर आजच सांगितलं असतं.

आणि चेंडू उंच आला तर? वर आभाळ, डावीकडे शांतता. शांतता म्हणजे जा. क्विलनचा जबडा त्याला दिसला, अजून नीट दाढीही न फुटलेला.

दार उघडंच होतं.

"ये," डगी म्हणाला. फिल्म बघायच्या पडद्यासमोर दोन खुर्च्या शेजारी-शेजारी, आणि डगी नेहमीसारखा डाव्या खुर्चीत. रीस उजवीत बसला.

"…… बॅशसाठी आलास …… मैत्री आहे, समजतं …… पण ……"

पडद्यावर रिकामा डावा कोपरा थांबवून ठेवला होता. पार उजवीकडे, जिथे त्याने असायचं कारण नव्हतं, तिथे बशार तोंड उघडून ओरडताना.

"…… तुझ्याबद्दल …… काल बोलणं झालं …… करार ……"

करार. हा शब्द स्पष्ट आला. पुढे काय होतं? देणार आहेत? नाही देणार? मान जराशी वळवली असती तर कळलं असतं. महिनाभर तो हेच करत आला होता, हनुवटी थोडी डावीकडे, जणू खांदा मोकळा करतोय. कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"…… वर्ष …… ब्रॉनवेनलाही सांग ……"

रीसने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान सरळ राखली. तो पडद्यावरच्या बशारकडे बघत होता.

"डगी," तो म्हणाला. "तू आत्ता जे बोललास ते मला ऐकू आलं नाही. ह्या बाजूने मला काहीच ऐकू येत नाही. बॅश तिकडे त्यासाठी जायचा."

शेजारी बराच वेळ काही झालं नाही. किंवा झालं असेल, त्याला कळलं नाही. मग खुर्ची सरकली. डगी उठला, पडद्यासमोरून चालत पलीकडे गेला आणि रीसच्या उजवीकडे जमिनीवर उकिडवा बसला, कारण तिकडे खुर्ची नव्हती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

ते मात्र पूर्ण ऐकू आलं.