गोळ्याची खूण

नव्या लातूर जिल्ह्याची पहिली गोळाफेक तंट्याविना पार पडली, तर पंच लालमहंमद मास्तरांना नांदेडच्या विभागीय स्पर्धेचं बोलावणं येणार होतं. पण दुष्काळानं मैदान इतकं टणक झालेलं, की गोळा पडला तरी खूण उमटेना. टेप धरायचा कुठं?

"मास्तर, अंदाजानं मोजायलाव काय?" देवणीच्या संघाचे लोक ओरडले.

मास्तरांनी घरचं पाणी आणवून जमीन भिजवली आणि फेकी पहिल्यापासून घेतल्या. गोळे रुतले, खुणा दिसल्या, देवणीवाल्यांनी निकाल मानला. नांदेड पक्कं झालं.

संध्याकाळी घरी मास्तरांनी चहा मागितला.

"मैदानाला पाजला न्हवं तुम्ही!" म्हणत त्यांच्या बायकोनं, कमरुन्निसानं, रिकाम्या घागरी उचलल्या. मान मास्तरांना मिळाला. त्याची किंमत तिनं टँकरच्या रांगेत उभं राहून चुकती केली.