बाबांच्या खिडकीवरची जाळी

रोपवाटिकेत तिच्या शब्दाला वजन होतं. सावलीत वाढलेलं रोप उन्हात कधी न्यायचं, हे तिला विचारल्याशिवाय ठरत नसे. सावलीतलं पान पातळ, रुंद. ओंजळ पसरून उजेडाचा थेंब न् थेंब झेलणारं. तेच एकदम भर उन्हात ठेवलं, तर पचेल त्याहून जास्त उजेड अंगावर येतो आणि पान करपतं. म्हणून ती रोपांवर हिरव्या जाळीचे तीन थर घाली आणि सवडीनं एकेक काढी. घाई करणाऱ्या माळ्यांना दटावी, "लेकरं आहेत ती, पोती नव्हेत!"

बापाला मात्र तिनं एका दुपारीच हलवलं.

बाप शिंपी. जन्म गेला तळघरातल्या दुकानात, एका दिव्याखाली. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर, खिडक्याच खिडक्या.

"बघा बाबा, किती उजेड!"

बाबांनी बघितलं, डोळे मिटले आणि तोंडावर टॉवेल ओढला. आठवड्याभरात त्यांनी पिशवी भरली.

"इथं मला दोरीवर वाळत घातल्यासारखं वाटतं. रविवारी दुकानात सोड."

"एकटे काय कराल तिथं?"

"अंधार आहे की सोबतीला."

लेकीनं पिशवी ओढून घेतली. मग तिला आपलंच काम आठवलं आणि ती ओशाळली. त्याच संध्याकाळी बाबांच्या खिडकीवर जाळीचे तीन थर चढले.

"आता हात लावायचा नाही. मी एकेक थर काढीन. जुनं पान फारसं बदलत नाही, बाबा, पण उन्हात नवं फुटतं ते उन्हाचंच फुटतं. जाड, चिवट."

"आणि जुनं?"

"ते... गळतं."

"म्हणजे मी गळायची वाट बघत बसायचं! ते काय, दुकानातही जमलं असतं."

तरी थांबले. खिडकीशी खुर्ची ओढून दिवसभर बसू लागले. लेक रोपवाटिकेत सांगत सुटली, "रोपं काय नि माणसं काय, नियम एकच!"

पहिला थर काढायचा दिवस आला. तिनं हलकेच ओढलं. थर सुटेना. जोर लावला, तर तिन्ही थर एकदम हातात आले आणि खोलीभर ऊन सांडलं. जाळीला मधोमध भोक होतं, तिन्ही थरांतून आरपार. कडेनं काजासारखे सुबक टाके घालून सगळे थर एकत्र शिवलेले.

"बाबा! हात लावू नका म्हटलं होतं ना!"

"हात कुठं लावला? कात्री लावली. पहिल्याच दिवशी. सरक, उजेडात उभी राहू नकोस. तो बघ खाली रस्त्यानं चाललाय, डावा खांदा बघ त्याचा! कुठल्या गाढवानं शिवलाय कोट! तळघरातून नुसते पाय दिसायचे गं."

"मग येत्या रविवारी दुकानात सोडू...?"

"रविवारी?" बाबा खिडकीबाहेर आणखी वाकले. "रविवारी तर सगळे नवे कपडे घालून निघतात."