असं कुणी नाही

सकाळी आठला रुग्णालयाच्या तपासणी विभागातला संगणक कुणालाच आत घेईना. कुणीही नाव टाकलं की एकच उत्तर: असं कुणी नाही. वीस वर्षं तिथे रक्त तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "घ्या! आता आम्ही आहोत की नाही, तेही हाच ठरवणार."

मला हसू आलं नाही, कारण इथले संगणक मी सांभाळते आणि घोळ माझाच होता. आत कुणाला घ्यायचं याची यादी दुसऱ्या संगणकावर असते. सुरू होताना हा त्याला हाक मारतो. काल संध्याकाळी मी याच्या पोटात आणखी एक आभासी संगणक बसवला आणि दोघांना एकच तार पुरावी म्हणून मध्ये ब्रिज नावाचा सॉफ्टवेअरचा जोड टाकला. आज हे!

आणि आत अडकलेला रिपोर्ट माझ्या वहिनीचा होता. दहाला तिचं ऑपरेशन. रिपोर्टशिवाय भूलतज्ज्ञ हात लावणार नव्हते, आज टळलं तर सर्जन पंधरा दिवस नव्हते, आणि पोटातली गाठ कुणासाठी थांबत नसते. मला भयंकर भीती वाटत होती.

तार तपासली, ठीक. यादीचा संगणक, ठीक. हा बंद करून चालू केला. असं कुणी नाही. पुन्हा केला. पुन्हा तेच. चौथ्यांदा बटण दाबलं, तेवढ्यात दादाचा फोन.

"झालं का गं?"

"होतंय."

"काल आईकडे गेली होतीस?"

"गेले होते. बेल वाजवली, उघडलं नाही. झोपली असेल म्हणून निघाले."

"अगं घाईबाई, तिचे गुडघे! दारापर्यंत यायला अर्धं मिनिट लागतं तिला. उघडलं तर बाहेर कुणी नाही. रडत होती बिचारी."

मला लाज वाटली. आणि मग एकदम लख्ख कळलं. नवा ब्रिजसुद्धा उठल्यावर अर्धं मिनिट कानोसा घेतो, तोवर काहीच पलीकडे जाऊ देत नाही. संगणक तेवढ्यात यादीला हाक मारून, उत्तर नाही म्हणून गप्प बसत होता. मी तपासायला जाईपर्यंत वाट मोकळी झालेली असायची. आणि मी शहाणी, दर वेळी अख्खा संगणक बंद करून पुन्हा पहिल्यापासून बेल वाजवून पळत होते!

या वेळी काहीच बंद केलं नाही. यादीला हाक मारणारा प्रोग्रॅम तेवढा नव्याने सुरू केला. बाईंनी नाव टाकलं. आत!

नऊ चाळीसला रिपोर्ट वर गेला. दहाला वहिनीला आत नेलं. दुपारी दादाचा फोन आला. "सुटलो गं," एवढंच म्हणाला.

आईला सांगायला मी तडक गेले. बेल वाजवली आणि आकडे मोजायला लागले. तीस झाले, आत काहीच हालचाल नाही. पाय निघायला बघत होते, मी ते दाबून धरले. एक्केचाळीसला कडी वाजली.

आईने आधी दाराची चौकट धरली, मग वर पाहिलं.

"थांबलीस होय?" ती म्हणाली.