जावयाच्या आडनावाची चौकशी

आमच्याकडं नवा माणूस भेटला की आधी त्याचे पाहुणे काढतात. गाव कोणतं, गावात कुणाचे, मामाचं आडनाव काय, मामाची लेक कुठं दिली. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला मधे एखादी चुलत आत्या निघते, मग चहा येतो. या पद्धतीनं मी अहमदपूरच्या एसटी स्टँडवर बसल्या बसल्या तीन मेहुणे मिळवलेले आहेत.

डीटर गेर्बर आला आणि ही पद्धत पहिल्यांदा नापास झाली.

लातूर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नव्या जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, पाट्या मिळाल्या, शिक्के मिळाले. पाणी तेवढं जुन्या जिल्ह्यात राहिलं म्हणावं, तर तिथंही नव्हतं. डीटर हा जर्मन कुठल्याशा संस्थेतर्फे खेड्यापाड्यांत हातपंप बसवत हिंडायचा. मराठी तो बोअरच्या गाडीवरच्या मजुरांकडून शिकला होता, त्यामुळं त्याचं व्याकरण कच्चं आणि शिव्या शुद्ध होत्या. एका पंपाखाली त्याचं बोट चेंगरलं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं, पंचशीलानं, ते बांधलं. बोट कधीच बरं झालं, पण तो पट्टी बदलायला येतच राहिला.

पंचशीला ही लिंबाजी कवठाळीकराची मुलगी. तहसील कचेरीत लिंबाजीचं आणि माझं टेबल समोरासमोर होतं, निवृत्त होईपर्यंत. मुलीनं डीटरचं नाव घरी सांगितलं तेव्हा तो गोरा म्हणून लिंबाजी बिचकला नाही, परका म्हणूनही नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की सोयरीक म्हटली की चौकशी आली.

“माणूस बरा हाय, ते दिसतंय,” तो मला म्हणाला. “आडनाव कशाचं हाय, ते दिसत न्हाई. आडनाव कळलं की घर कळतं, वसंतराव.”

आणि चौकशी माझ्यावर आली. जाताना पंचशीलानं मला दाराशी गाठून हळूच सांगितलं, की बाबा नाही म्हणाले तर ती पळून जाणार नाही, पण दुसऱ्या कुणाच्या गळ्यात हारही घालणार नाही. म्हणजे आडनावाचा अर्थ वाईट निघाला तर एक पोरगी घरात बसणार, आणि तो अर्थ घेऊन येणारा मी.

खुद्द डीटरला विचारलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. ते वाचकाला सुचेल, आम्हाला सुचलं नाही. नवऱ्या मुलाला त्याच्याच घराण्याची माहिती विचारत नसतात. तो चांगलीच सांगणार. चौकशी तिसऱ्याकडं करायची असते.

पहिला तिसरा म्हणजे उदगीरचे गुरुपादप्पा, धान्याचे व्यापारी. त्यांच्या मळ्यावर जर्मन ऑइल इंजिन होतं, म्हणून जर्मनीतलं त्यांना कळतं असा पंचक्रोशीचा समज. त्यांनी मला इंजिन चालू करून दाखवलं. विहिरीत पाणी नव्हतं, तरी ते जोरात चालत होतं. “बापाच्या काळापास्नं चालायलंय,” ते म्हणाले. “नाव कसलंबी असू द्या, घराणं चांगलं.”

हे काही लिंबाजीला पुरण्यासारखं नव्हतं. म्हणून मी नांदेडला गेलो. तिथले हाडांचे डॉक्टर श्रीपाद देशमुख जर्मनीत शिकून आले होते. त्यांनी समोरच्या पेशंटचा पाय हातात धरूनच सांगितलं, की गेर्बर म्हणजे कातडी कमावणारा. तिकडं धंद्यावरूनच आडनावं पडलीत, आपल्यासारखीच. पेशंटनंही मान हलवली.

परतीच्या गाडीत लोह्यापर्यंत मी हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव केली आणि लोह्यानंतर ती सोडून दिली.

कारण मला लिंबाजीचं घर माहीत होतं. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच त्यांनी मेलेली जनावरं ओढणं, सोलणं सोडलं. बहात्तरच्या दुष्काळात कवठाळीत जनावरं पटापट मेली, तेव्हा गावानं लिंबाजीच्या म्हाताऱ्या बापाला पुन्हा बोलावणं धाडलं. म्हातारा गेला नाही. गावानं त्यांना विहीर बंद केली. तो सबंध उन्हाळा लिंबाजीची बायको धुरपताबाई शेजारच्या गावाहून पाणी आणत होती. ते कातडं आता जर्मनीला वळसा घालून, हातात हातपंप घेऊन दारात उभं होतं.

मी सांगितलं. लिंबाजी पायरीवरून उठला. मग त्यानं आमच्यात कुणी करत नाही ते केलं. सरळ डीटरलाच बोलावून घेतलं.

“कातडं कोन कमवायचं तुमच्यात?”

“माझ्या आजाचा आजा,” डीटर म्हणाला. “मग मशिनं आली. माझा बाप शाळा शिकवायलाय.”

“घरं कुठं होती?”

“नदीवर. गावाच्या खाली. वास येतो न्हवं.”

‘खाली’ म्हटल्यावर धुरपताबाईनं वर पाहिलं. आतापर्यंत ती भाजी निवडत होती.

“आन पानी कुठलं भरायचे?”

डीटरला प्रश्न कळला नाही. पंचशीलानं तो उलटून पालटून विचारला, तरी कळला नाही.

“विहिरीचं,” तो शेवटी म्हणाला. “गावात विहीर होती.”

धुरपताबाईनं पुन्हा भाजी घेतली, पण निवडली नाही.

“मग काम सोडल्यावर नाव का सोडलं न्हाई?” लिंबाजीनं विचारलं.

“सोडावं असं काही झालं न्हाई.” डीटर म्हणाला. “तुम्हाला नको असंल तर मी सोडतो. कवठाळीकर लावतो.”

“ज्या गावानं आमचं पानी तोडलं, त्याचं नाव तू कशापायी लावतो रे?”

“मग तुम्ही का लावता?”

इतकी वर्षं समोर बसून हे मला विचारायला सुचलं नव्हतं. लिंबाजीनं उत्तर मला द्यावं तसं माझ्याकडं बघत दिलं.

“निजामाच्या कागदात आमाला आडनाव नव्हतं, नुसती जात होती. नोकरीला लागताना साहेबानं आडनाव विचारलं, तर म्या गावाचं सांगितलं. म्हनलं, मला हाकलायचं तर गावाचंच नाव घिऊन हाकलावं लागंल.” मग तो डीटरकडं वळला. “तुझं तू ठेव. तुझ्या आजाला त्याची लाज वाटली न्हाई, तर मला काय म्हणून वाटावी?”

“मला कुणी विचारायलंय का?” पंचशीला म्हणाली. “मी दोन्ही लावणार नाही. पंचशीला एवढं बास हाय. त्यात कुणाचं कामबी नाही आन गावबी नाही.”

“ते नाव म्याच ठेवलंय,” लिंबाजी मला म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

धुरपताबाईनं बुद्ध पौर्णिमा तोंडावर आल्याची आठवण केली. त्याच दिवशी लग्न उरकायचं ठरलं. मंडळी जमायची तर पाण्याचा टँकर हवा, म्हणून लिंबाजी आणि मी, दोघे मुरलेले कारकून, दुसऱ्या दिवशी लातूरला गेलो. टँकरचा अर्ज कुणाकडं करायचा ते नव्या जिल्ह्यात अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक टेबलावर आम्हाला आधी आमचं गाव विचारलं गेलं.